खालच्या पट्टीतलं गाणं

लग्न होऊन टेंभुर्णीला आले तेव्हा सासूबाईंचा आवाज ऐकून मला वाटलं, यांना सर्दी झाली आहे. मी दोनदा आल्याचा चहा करून दिला. त्यांनी तो गुमान घेतला आणि कप विसळून ठेवला. सर्दी काही जाईना, तेव्हा मी नवऱ्याला, नागसेनला विचारलं. तो म्हणाला, "सर्दी न्हाई, गळ्याचं ऑपरेशन झाल्तं. मी लहान होतो तव्हापासून असाच हाये." नागसेन नवीन जालन्यात बियाण्याच्या कंपनीत कामाला आहे, शनिवारी घरी येतो. तेवढं सांगून तो झोपून गेला.

माझ्या सासूचं नाव बेबीनंदा. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा. आत्यांचा आवाज बसका आणि जाड. वाळलेली ज्वारी सुपात ओतावी तसा खरखरीत, पण वजनदार. घरात दिवसभर गाणी चालू असायची. आधी रेडिओ होता, नंतर मोबाइल आला. लताबाई, आशाबाई, जुनी भीमगीतं, सगळं चालायचं. आत्या भाकरी थापता थापता ऐकायच्या, मध्येच हात थांबवून ऐकायच्या. पण मी त्यांना कधी गुणगुणताना ऐकलं नाही. अंबडला माझी आई भांडी घासतानासुद्धा काहीतरी म्हणत असते, आणि तिला तर धड सूरही नाही. एवढं गाण्याचं वेड असलेली बाई तोंडातून एक ओळ काढत नाही, हे मला विचित्र वाटायचं.

खरं काय ते मला शेजारच्या मालनबाईंनी सांगितलं. त्या आत्यांपेक्षा पाच-सात वर्षांनी मोठ्या. नवरा वारलेला, मुलगा पुण्याला, घरात एकट्याच. हरभरा निवडायला आमच्या ओट्यावर येऊन बसायच्या. एकदा आत्या गिरणीत गेलेल्या असताना त्या म्हणाल्या, "तुही सासू गायची, हे तुला कोणी सांगितलं न्हाई का?"

"न्हाई."

"न्हाईच सांगणार. दोघं बी तसेच हायेत."

मग त्यांनी सांगितलं ते असं.

आत्यांचं माहेर अंबडजवळच्या एका वाडीचं. शाळा सुटली तशी त्यांच्या आईनं त्यांना अंबडला बद्रीनाथ टेलरच्या दुकानात काज-बटणाच्या कामाला लावलं. त्या दुकानात रेडिओ होता. आत्यांचं सगळं गाणं त्या रेडिओवरचं. एखादं गाणं लागलं की पहिलं कडवं पाठ करायचं, मग तेच गाणं पुन्हा लागेपर्यंत दुसऱ्या कडव्याची वाट बघायची. कधी आठवडा, कधी महिना. हिंदी शब्दांचा अर्थ कळत नव्हता, पण कुठल्या शब्दावर गळा वळतो आणि श्वास कुठं चोरला जातो, ते बरोबर ध्यानात राहायचं. बद्रीनाथ टेलर मशीनचा पाय थांबवून म्हणायचा, "पोरी, आता रेडिओ बंद करतो. तूच म्हण, सेलचा खर्चा वाचतो."

अंबडच्या भीमजयंतीला आत्या गायल्या तेव्हा टेंभुर्णीची गायन पार्टी तिथं आलेली होती. पार्टीत ढोलकीवर देवानंद साळवे, म्हणजे माझे सासरे, आणि कोरसमध्ये मालनबाई. महिन्याभरात साळव्यांकडून मागणी गेली. मालनबाई मुलगी बघायला सोबत गेल्या होत्या. मुलीला नाव, शिक्षण, स्वयंपाक विचारून झाल्यावर वडीलधाऱ्यांनी मुलाला म्हटलं, तुला काही विचारायचं का. मामांनी विचारलं, "कोणत्या पट्टीत गाता?"

आत्या खाली बघतच म्हणाल्या, "काळी पाच."

पेटीवरची एवढी चढी पट्टी ऐकून मामा बापाकडे वळून म्हणाले, "मला पसंत हाये."

जालन्याच्या राधेश्याम मास्तरांचा त्या वेळी मोठा ऑर्केस्ट्रा होता. त्यांनी आत्यांना ऐकलं आणि तिघांनाही घेऊन गेले. आत्या पुढं, मामा ढोलकीवर, मालनबाई मागं कोरसला. जालना, जाफराबाद, भोकरदन, देऊळगाव राजा, सिल्लोड. गणपती, लग्नं, जत्रा. मास्तरांचा एकच नियम होता : जशी रेकॉर्ड, तशीच पाहिजे. आत्या तशीच म्हणायच्या. लोक डोळे मिटून ऐकायचे आणि उघडले की स्टेजवर टेंभुर्णीची सावळी बाई बघून चक्रावायचे. निवेदक नाव सांगायचा ते 'जालन्याची लता'. पोस्टरवरही तेच. बेबीनंदा हे नाव कुठंच नसायचं, आणि त्याचं कोणाला काही वाटायचंही नाही.

"एकदा भोकरदनला," मालनबाई म्हणाल्या, "कार्यक्रम झाल्यावर एक मास्तर मागं आला. म्हणला, बाई, बिलकुल लता. तुमचं त्याच्यात काहीच न्हाई. चांगल्या मनानं म्हणला बिचारा. हिनं हात जोडले. मंग टेम्पोत बसल्यावर मला विचारती, अक्का, माहं काय असल गं त्याच्यात?"

"मंग तुम्ही काय म्हणलात?"

"मी म्हणलं, मला भूक लागली, भाकरी काढ."

पुढं आत्यांच्या गळ्याला गाठ आली. थायरॉईडची. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की गाठ आवाजाच्या नसेला चिकटलेली आहे, ती काढताना नसेला धक्का लागू शकतो. काढली नाही तर जिवाला धोका. तेव्हा नागसेन शाळेतही जात नव्हता. आत्यांनी फार विचार केला नाही. ऑपरेशन झालं, गाठ गेली, आणि आवाजही गेला. काही महिने तर नुसती कुजबुज. मग हळूहळू बोलणं आलं, ते आजचं हे असं.

राधेश्याम मास्तर चांगला माणूस. त्यांनी एक हंगाम वाट बघितली, मग दुसरी मुलगी घेतली. आत्यांनी घरात कोणी नसताना एकदा गाऊन बघितलं, तेव्हा वर जायच्या जागी नुसती हवा आली. ते मालनबाईंनी भिंतीपलीकडून ऐकलं. त्यानंतर आत्यांनी तोंड उघडलं नाही. मामांनी ऑर्केस्ट्रा सोडला. बोटं दुखतात, असं मास्तरांना सांगितलं. ढोलकी विहाराला देऊन टाकली आणि बसस्टँडजवळ पाण्याच्या मोटारी भरायचं दुकान टाकलं. मोटार भरणं म्हणजे जळालेली मोटार उघडून तांब्याची तार पुन्हा गुंडाळायची. त्यात सगळं काम बोटांचंच.

आत्या एकदा त्यांना म्हणाल्या होत्या, "बोटं दुखतात म्हणता आन् दिवसभर तारा गुंडाळता."

मामा म्हणाले, "त्याला येगळी बोटं लागतात."

त्यावर दोघांत पुन्हा कधी बोलणं झालं नाही, असं मालनबाई म्हणाल्या. इतक्यात आत्या डोक्यावर पिठाचा डबा घेऊन आल्या आणि आम्ही हरभऱ्यावर बोलायला लागलो.

ही झाली माझ्या लग्नाच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. त्यानंतरच्या वर्षांत मालनबाईंचे कान जात राहिले. आधी फोनची रिंग ऐकू येईना, मग दाराची कडी. लोक ओरडून बोलायला लागले. ओरडून बोललं की माणूस चिडल्यासारखा दिसतो, त्यामुळं मालनबाईंना वाटायचं की आपल्यावर सगळे चिडले आहेत. विहारात बायका हसल्या की त्याही हसायच्या, पण एक क्षण उशिरा. मग त्यांनी जाणंच सोडलं. आमच्या टीव्हीवर लहान मुलींचा गाण्याचा कार्यक्रम लागायचा, तेव्हा त्या अगदी जवळ जाऊन बसायच्या. एकदा म्हणाल्या, "पोरगी नुसती तोंड हलवून राह्यली. ढोलकी ऐकू येती, पोरगी न्हाई."

मी सकाळच्या शाळेवर शिकवते, दुपारी घरी असते. एक गोष्ट माझ्या हळूहळू लक्षात आली. मी मालनबाईंशी घसा फोडून बोलायचे तरी त्या "आं?" म्हणायच्या. आणि आत्या चुलीपुढं बसून, मान वरही न करता म्हणायच्या, "अक्का, साखर कमी टाकली तुह्या चहात," तर मालनबाई लगेच म्हणायच्या, "बरं केलं."

मागच्या वर्षी दिवाळीनंतरची गोष्ट. कापूस वेचून झाला होता, दुपारी उन्हात ओट्यावर आम्ही तिघी तूर सोलत बसलो होतो. मालनबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाल्या, "बेबी, किती दिस झाले गं गाणं ऐकून. डोक्यात जुनी वाजत राहतात. पण ती बी आता पुसट व्हायलीत. चाल ध्यानात हाये, बोल चाललेत."

आत्यांनी शेंग सोलली.

"तुहं बोलणं मला ऐकू येतं. तू म्हण की एखादं."

"माहं काय राह्यलं आता म्हणायला," आत्या म्हणाल्या. "ज्या गळ्यानं गायची तो गेला, अक्का. हा बोलायचा गळा हाये."

"मंग बोलल्यावाणी म्हण."

आत्या उठल्या, पाटी उचलून आत गेल्या. मालनबाईंना वाटलं आपण दुखावलं. त्या थोडा वेळ बसल्या आणि भिंतीला हात लावत आपल्या घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. आत्यांनी माझ्या हाती कालवण पाठवलं, तर त्यांनी वाटी घेतली, पण 'बस' म्हणाल्या नाहीत.

संध्याकाळी मामा जेवताना म्हणाले, "मालन दिसंना."

आत्यांनी झालेलं सगळं सांगितलं. मी भाकरी वाढत होते. मामांनी शांतपणे घास संपवला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "तिला ऐकू येत न्हाई. चुकलं तर कोणाला कळणार हाये? म्हणून टाक."

आत्यांनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. मामा मात्र अगदी गंभीर चेहऱ्यानं जेवत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या स्वतः मालनबाईंकडे गेल्या. मला म्हणाल्या, तू नको येऊ. मी गेले नाही, पण आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे. मी वह्या तपासायला घेतल्या आणि भिंतीजवळ बसले. मामाही त्या दिवशी दुकानातून जेवायला आले ते परत गेले नाहीत. दाराच्या उंबऱ्यावर बसून राहिले.

बराच वेळ नुसत्या गप्पा ऐकू येत होत्या. मग त्या थांबल्या. मग आत्यांनी सुरू केलं. गाणं रमाईचं होतं, टेंभुर्णीच्या जुन्या पार्टीनंच बांधलेलं, कुठं छापलेलं किंवा रेकॉर्ड झालेलं नाही. 'ओल्या सरपणाला फुंकर घाली रमा.' आधी ते बोलण्यासारखंच वाटलं. सूर कुठं धरावा ते त्या चाचपत होत्या. एकदा थांबल्या, खोकल्या. मग आणखी खाली उतरल्या, पुरुषाच्या गाण्याच्या जवळ जाईल इतक्या खाली, आणि तिथं त्यांचे पाय टेकले. आवाज खरखरीत होता, पण आता तो हलत नव्हता. ओळ संपवून त्यांनी श्वास घेतला.

आणि त्या श्वासाच्या जागेवर, जराही उशीर न करता, मालनबाईंनी कोरस धरला. 'फुंकर घाली रमा.'

आत एकदम शांत झालं. मला वाटलं, आता संपलं. मामांनी मान खाली घातली होती. मग आत्यांनी दुसरी ओळ घेतली. या वेळी आवाज थोडा ओला होता, पण ओळ पुरी झाली, आणि मालनबाई पुन्हा वेळेवर आल्या. मामांची बोटं उंबऱ्याच्या लाकडावर चालायला लागली. नखानं, तळव्यानं, अगदी हलक्या हातानं. सगळं गाणं होईपर्यंत ती थांबली नाहीत. गाणं संपलं तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिसऱ्या कडव्याचा शब्द खाल्ला तिनं," आणि चप्पल घालून दुकानाकडे गेले.

मग ते रोजचंच झालं. दुपारची भांडी झाली की आत्या भिंतीपलीकडं जायच्या. मालनबाईंना ज्या गाण्याचे बोल आठवत नव्हते ती सगळी एकेक करून काढली. नव्या पट्टीत जुन्या चाली बसेनात, तर आत्यांनी चालीच थोड्या वळवल्या. जिथं पूर्वी आवाज वर फेकायच्या तिथं आता थांबून, शब्द धरून ठेवायच्या. गल्लीतल्या दोघी-तिघी बायका येऊन बसायला लागल्या. पहिल्या दिवशी मला हाकलणाऱ्या आत्यांनी त्यांना काही म्हटलं नाही. मामांनी विहारातून ढोलकी आणली, तिची शाई उडाली होती आणि पान सैल झालं होतं, ती जालन्याहून मढवून घेतली.

फेब्रुवारीत रमाई जयंती आली. विहारासमोर दुपारी बायकांचा कार्यक्रम असतो. तिथलं सगळं बघणारा बुद्धभूषण हा चोविशीचा मुलगा घरी आला आणि आत्यांना म्हणाला, तुम्हीच गा. त्या नाही म्हणाल्या. मालनबाईंना काय चाललंय ते कळलं नाही, पण बुद्धभूषणचा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "हो म्हण गं, पोरगं ताटकळलंय." अशा रीतीनं ते ठरलं. बुद्धभूषणनं विचारलं, "नाव काय सांगू? पप्पा म्हणत होते, जालन्याची लता म्हणायचे तुम्हाला."

आत्या म्हणाल्या, "लताबाई एकच. तू बेबीनंदा साळवे म्हण."

मांडवात दोन-अडीचशे बायका होत्या. मागं पोरं उभी होती. मामा ढोलकी घेऊन बसले. आत्यांनी इतक्या वर्षांनी माइक हातात धरला आणि काय झालं कोण जाणे, जुन्या सवयीनं वरच्या पट्टीतच उचललं. पहिल्याच शब्दावर आवाज फाटला. मागच्या पोरांतून हसण्याचा आवाज आला. मामांनी ढोलकी थांबवली. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

आत्यांनी पाणी मागितलं, प्यायल्या आणि माइकमध्ये शांतपणे म्हणाल्या, "वर जात न्हाई आता. खालून म्हणते. ज्याला वरचं पाहिजे त्यानं घरी जाऊन मोबाइल लावा." बायका हसल्या, पोरंही हसली, पण वेगळं. मग त्यांनी खालून धरलं. मालनबाई पहिल्या रांगेत खुर्चीवर होत्या, नजर आत्यांच्या तोंडावर. ओळ संपली तसा त्यांनी खुर्चीतूनच कोरस दिला, माइकशिवाय. दुसऱ्या ओळीला आजूबाजूच्या चार बायकांनी दिला. तिसऱ्या कडव्यापर्यंत सगळा मांडव देत होता. ज्या बायकांनी 'जालन्याची लता' ऐकली होती त्यांतल्या एक म्हाताऱ्या बाई, आत्या खाली उतरल्यावर त्यांना म्हणाल्या, "तवा तू लय गोड म्हणायची, बाई. आज मला रमाई दिसली." आत्यांनी त्यांचे हात धरून ठेवले.

त्या रविवारी नागसेन आणि त्याचा जालन्याचा मित्र घरी होते. मित्राच्या मोबाइलवर कुठल्याशा साइटनं जगातल्या सगळ्यात मोठ्या गायिकांची क्रमवारी लावली होती आणि त्यावरून त्यांचं चाललं होतं. लता की आशा, आणि त्या विलायतेतल्या बायका कुठं, आणि असं कसं ठरवता येतं. नागसेन म्हणाला, "आईला विचार. आई, तुह्या हिशोबानं कोण मोठी?"

आत्या चहा गाळत होत्या. म्हणाल्या, "मोठ्या तर लय हायेत. मी त्यांच्यावरच शिकले. पण गाताना पाठीमागं कोण हाये त्याच्यावर बी असतं. आमची मालनअक्का पाठीमागं असली की मला माही ओळ पडल असं कधी वाटलं न्हाई." मित्राला वाटलं मालन नावाची कोणी जुनी गायिका असेल. तो मोबाइलवर शोधायला लागला.

नंतर नागसेननं मालनबाईंना जालन्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, या वयात बारीक, चढे आवाज आधी जातात, जाड आवाज बरेच दिवस राहतात. म्हणून त्यांना तुमच्या आईचं ऐकू येतं. पुण्याच्या मुलाशी फोनवर बोलून मशीन घेतलं. ते कानात घालून मालनबाई एसटीतून उतरल्या तेव्हा चेहरा भांबावलेला होता. चपलांचा आवाज, चिमण्यांचा, पत्र्याचा. म्हणाल्या, "एवढी कटकट असती का गावात?" पण मुलाचा फोन त्या आता स्वतः घेतात, विहारातही जातात, आणि हसायचं तेव्हा सगळ्यांबरोबर हसतात.

दुपारी आत्या गायला बसल्या की मात्र मालनबाई मशीन काढून डबीत ठेवतात. मी विचारलं, का काढता? तर म्हणाल्या, "त्याच्यातून तिचा आवाज पत्र्यावाणी लागतो. मला जसा ऐकू येतो तसाच बरा हाये."

आत्या तोवर मांडी घालून बसलेल्या असतात. मालनबाई सरकून त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसतात, आणि म्हणतात, "हं, घे."